लाकडी सुषिरवाद्ये घडवून उपजीविका होऊ शकते का?

प्रश्न (नादार्थी):
लाकूडकामाचा मला बऱ्यापैकी सराव आहे, कातयंत्रावर हात बसलेला आहे आणि बासरीही वाजवतो. लाकडी सुषिरवाद्ये, म्हणजे फुंकून वाजवायची वाद्ये, स्वतः घडवून विकणे हाच पुढे मुख्य व्यवसाय करावा, असा विचार आहे. सुरुवात कोणत्या वाद्यापासून करावी आणि कारखान्यातून येणाऱ्या स्वस्त वाद्यांपुढे एकट्या कारागिराचा निभाव कशावर लागतो, याविषयी या कामातील मंडळींचे मत हवे आहे.

उत्तर (कातारी):
क्लॅरिनेट आणि ओबो या पत्तीच्या पाश्चात्त्य वाद्यांच्या वाटेला सुरुवातीस जाऊ नये. त्यांत लाकडाइतकेच काम धातूच्या कळा, स्प्रिंगा आणि गाद्या यांचे असते, आणि त्या बाबतीत कारखान्याशी बरोबरी करणे एकट्याला जड जाते. आडवी बासरी, रेकॉर्डर (टोकातून फुंकायची पाश्चात्त्य उभी बासरी) किंवा सनईच्या जातीची, कळा नसलेली वाद्ये घ्यावीत.

बाहेरून दिसणारे कातकाम हा यातला सोपा भाग आहे; सूर ठरतो तो आतल्या पोकळीवरून. सनई आणि ओबो यांची पोकळी शंकूसारखी असल्याने वरच्या पट्टीत जाताना स्वर एका सप्तकाने चढतो, तर क्लॅरिनेटची पोकळी बहुतांशी सरळ आणि पत्तीच्या टोकाशी बंद असल्यासारखी असल्याने तो सप्तक ओलांडून थेट वरच्या पंचमावर पोहोचतो. शंकूची पोकळी रीमरने, म्हणजे आतून कोरणाऱ्या निमुळत्या पात्याने, काढतात. चांगला कारागीर आपले रीमर स्वतः घडवतो, कारण त्या पात्याच्या उतारातच त्याच्या वाद्याची ओळख साठवलेली असते आणि एकदा जमलेले वाद्य पुन्हा तसेच घडवता येणे, हेच या धंद्याचे खरे भांडवल आहे. एक सुंदर बासरी पुष्कळांना जमते. तशीच दुसरी मागितली की पंचाईत होते.

घाई लाकडालाही चालत नाही. पोकळी आधी थोडी लहान ठेवून कोरायची आणि तुकडा काही महिने बाजूला ठेवायचा, कारण कोरल्यावर आतला ताण मोकळा होऊन लाकूड हलते. ते स्थिरावल्यानंतरच अंतिम माप काढावे. स्वररंध्रेही लहानच पाडावीत. रंध्र मोठे केले किंवा त्याची कड आतून तिरकी कापली, तर स्वर चढतो. चढलेला स्वर उतरवायला मात्र रंध्रात मेण किंवा लाख भरण्याखेरीज फारसा मार्ग उरत नाही. आतून किती कापायचे, हे यंत्र सांगत नाही, आणि माझ्या मते या कामातील सर्जनशीलता नेमकी तिथेच आहे. सूर लावताना वाद्य फुंकून उबदार करून घ्यावे: नळीतील हवेचे तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले, तर स्वर सुमारे ३० सेंटने, म्हणजे अर्धस्वराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने चढतो.

उत्तर (जुना सांधा):
वरील उत्तर कारागिरीपुरते बिनचूक आहे, पण त्यात पोटाचा प्रश्न राहून गेला. नवीन वाद्याचा पैसा उशिरा आणि अनियमित येतो. नियमित येतो तो दुरुस्तीचा. तडे बुजवणे, सैल सांध्यांना दोरा किंवा बूच बसवणे, पोकळीला तेल देणे ही कामे कमी प्रतिष्ठेची मानली जातात खरी, परंतु दुसऱ्यांची उत्तम वाद्ये आतून मोजण्याची संधी त्यांतूनच मिळते, आणि दुरुस्तीला आलेला वादकच पुढे नव्या वाद्याची मागणी नोंदवतो. केवळ नवी वाद्ये विकून पहिल्या वर्षापासून घर चालेल, असे धरून चालू नये.

नादार्थी:
दोघांचेही आभार. लाकडाविषयी एक शंका आहे. आफ्रिकन ब्लॅकवुड सर्वोत्तम मानतात, पण त्याच्या व्यापारावर निर्बंध आहेत असे ऐकले. ते परदेशी ग्राहकांना विकता येते का?

उत्तर (कातारी):
ब्लॅकवुड हे डाल्बर्जिया प्रजातीतील, पाण्यात बुडण्याइतके जड लाकूड आहे. जानेवारी २०१७ पासून ही संपूर्ण प्रजाती साइट्स या, संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या कराराच्या नियंत्रणाखाली आली आणि तयार वाद्यांनाही परवाने लागू लागले. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्ये, त्यांचे तयार भाग आणि जोडसाहित्य यांना सूट मिळाली. याच प्रजातीतील ब्राझिलियन रोझवुड मात्र १९९२ पासून कराराच्या सर्वांत कडक परिशिष्टात असल्याने त्याला ही सूट नाही. कच्चे लाकूड सीमेपार आणताना कागदपत्रे लागतातच, म्हणून विक्रेत्याकडून लाकडाच्या मूळाचा पुरावा घेऊन जपून ठेवावा.

तरीही सुरुवात बॉक्सवुड किंवा एखाद्या फळझाडाच्या लाकडावर करावी. बॉक्सवुड वाकण्याची खोड सोडत नाही, पण कातायला त्याच्याइतके गोड लाकूड विरळा. शिवाय डाल्बर्जियाच्या भुशाने अनेकांना त्वचेची आणि श्वासाची ॲलर्जी होते, आणि एकूणच लाकडाचा भुसा कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या, गटात मोडतो. कातयंत्र घेण्याच्या खर्चात भुसा ओढणारे यंत्र आणि चांगला मुखवटा पहिल्याच दिवशी धरावा.