शब्दचर्चा : कॉन्व्हॉय म्हणजे ताफा की तांडा?

अमळनेरकर : भाच्याला कॉलेजात दुसऱ्या महायुद्धातल्या अटलांटिकच्या लढाईवर मराठीत बोलायचंय. कॉन्व्हॉयला, म्हणजे युद्धनौकांच्या राखणीत एकत्र जाणाऱ्या मालाच्या जहाजांना, त्याने 'ताफा' लिहिलं, मला काही पटेना, ताफा म्हटलं की मंत्र्याच्या गाड्याच दिसतात. दुसरा शब्द सुचवा.

धुळेकर : ताफाच बरोबर आहे ना भाऊ, पेपरात तेच येतं.

चाळीसगावकर : मी तांडा म्हणेन. आमच्या तालुक्यात तांडेच तांडे, आता आपण वस्तीला म्हणतो पण मूळचा तांडा चालता. बंजारा लोक बैलांवर मीठ-धान्य लादून निघायचे, वाटेत लुटारू म्हणून सगळे एकत्र. कॉन्व्हॉय तेच की! धान्य, तेल, दारूगोळा घेऊन ब्रिटनला निघालेली मालाची जहाजं म्हणजे तांडा, आणि कडेने राखण करणाऱ्या युद्धनौका तो ताफा. 1942 च्या सुरुवातीला अमेरिकेच्या किनाऱ्याला जहाजं एकेकटी जायची तर जर्मन पाणबुड्यांनी टिपून टिपून बुडवली, मे महिन्यापासून तांडे सुरू झाले तेव्हा कुठे तिथे जरा दम मिळाला.

अमळनेरकर : बराबर शे आप्पा. आणि जर्मन पाणबुड्यांचा गट, तो वुल्फपॅक? त्याने 'लांडग्यांचा कळप' केलंय.

चाळीसगावकर : कळप मेंढ्यांचा, लांडग्यांची टोळी. कोणत्याही ठेलारी मेंढपाळाला विचारा. एका पाणबुडीला तांडा दिसला की वायरलेसवरून बाकीच्यांना खबर, मग रात्री सगळ्या मिळून पाण्यावर येऊन तुटून पडायच्या.

भुसावळकर : आप्पा, 'पाण्यावर येऊन' हे फार महत्त्वाचं. तेव्हाची पाणबुडी जास्त वेळ वरच असायची, डिझेलवर, खाली बॅटरीवर वेग निम्म्याहून कमी. हतनूर धरणावर टिबुकली पक्षी बघा, तिला पाणबुडी पण म्हणतात, वर तरंगत असते नि चाहूल लागली की गडप, म्हणून मला हा शब्द त्या काळच्या बोटीला एकदम चपखल वाटतो. आणि भाच्याला सांगा, पाणबुडीवर मारायच्या डेप्थ चार्जला पाणसुरुंग लिहू नको. सुरुंग आपण विहिरीत लावतो तसा आधी पेरून ठेवायचा, हा तर युद्धनौकेवरून पाण्यात टाकतात, ठरवलेल्या खोलीला पाण्याच्या दाबाने फुटतो. डेप्थ चार्जच राहू द्या.

अमळनेरकर : मग शेवट असा करतो, 'मे 1943 मध्ये जर्मनीच्या 40 हून जास्त पाणबुड्या बुडाल्या, जर्मन नौदलप्रमुख डोनिट्झने उत्तर अटलांटिकमधून टोळ्या मागे घेतल्या आणि तांडे चालत राहिले.'

धुळेकर : ताफ्याचा हट्ट सोडला मी. फक्त पहिल्यांदा 'जहाजांचे तांडे' लिहा, नाहीतर ऐकणारे वस्ती समजतील.