लोअर आर्मला रबरी बुशच घाला

मेकॅनिक म्हणतोय, "पॉली टाका, परत बघायला नको", म्हणून रोजच्या वापरातल्या स्विफ्टच्या लोअर आर्मला (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारा खालचा दांडा) पॉलीयुरेथेन बुश (सांध्यात बसणारा, धक्का पचवणारा नळीसारखा तुकडा) घालावेत का, असा तुमचा प्रश्न आहे. माझं मत स्पष्ट आहे: घालू नका.

रबरी बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला पक्कं चिकटवलेलं असतं. चाक वर-खाली झालं की रबरच पिळलं जातं आणि परत जागेवर येतं. खड्ड्यात चाक आपटलं तर आर्मला किंचित मागे सरकायलाही ते वाव देतं. पॉली कडक, त्यामुळे हा वाव बराच कमी होतो आणि धक्का थेट बॉडीत येतो. शिवाय पॉली आतल्या नळीवर फिरतो, म्हणून त्याला सिलिकॉन ग्रीस लागतं. पावसाळ्यात ते धुतलं गेलं की करकर सुरू.

रबर लवकर फाटतं या तक्रारीमागे बरेचदा फिटिंग असतं. गाडी जॅकवर आणि चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर गाडी खाली घेताच रबर पिळलेलंच राहतं आणि अकाली चिरतं. बोल्ट आधी नुसता हाताने बसवायचा, गाडीचं वजन चाकांवर आल्यावर शेवटचा टॉर्क द्यायचा, म्हणजे पक्का आवळायचा. हे स्वतः समोर उभं राहून करून घ्या, आणि मग अलाइनमेंट.

पॉलीची हौस असेलच तर अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडी कलू नये म्हणून असलेला दांडा) बुशांच्या जागी लावा. तिथे आरामाला फारसा धक्का लागत नाही. ट्रॅकवर पळवायच्या गाडीचा हिशोब अर्थातच वेगळा.