चहातील कॅफीन आणि चॉकलेटमधील थिओब्रोमीन यांच्या परिणामांत इतका फरक का पडतो?

मलप्रभाकाठ, खानापूर (प्रश्न)

मी खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत विज्ञान शिकवतो. चहाने झोप उडते, मग चॉकलेटने का उडत नाही, हा प्रश्न नववी-दहावीची मुले दरवर्षी विचारतात आणि दोन ओळींचे उत्तर देऊन माझे समाधान होत नाही. चहात कॅफीन नसून थेइन असते आणि ते कॉफीतील कॅफीनपेक्षा सौम्य असते, असे आमच्याकडे पुष्कळ जण ठामपणे सांगतात. यात तथ्य किती? शिवाय घरातच दोन टोके दिसतात. आईला रात्रीच्या जेवणानंतर कडक चहा घेऊनही लगेच झोप लागते. याउलट माझी धाकटी बहीण, जी सध्या सातव्या महिन्यात आहे, दुपारी चारचा एक कप घेतला तरी मध्यरात्रीपर्यंत तळमळत राहते, आणि पूर्वी तिला असा त्रास कधीच होत नसे. आणखी एक विचारायचे आहे. आमच्याकडे मुधोळ जातीचा कुत्रा आहे आणि मुले त्याला चॉकलेटचे तुकडे देतात. ते थांबवावे का?

रसायन-टिळकवाडी, बेळगाव

आधी थेइनबद्दल. रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८१९ साली कॉफीच्या बियांतून कॅफीन वेगळे केले. पुढे १८२७ मध्ये चहाच्या पानांतून एक पदार्थ मिळाला आणि त्याला थेइन म्हटले गेले, परंतु १८३८ पर्यंत हे दोन्ही पदार्थ एकच असल्याचे सिद्ध झाले. त्यामुळे चहातील कॅफीन जातीने सौम्य असते, हे म्हणणे टिकत नाही. कपात त्याची मात्रा कमी असते, एवढेच खरे आहे. वाळलेल्या चहापुडीत वजनाच्या सुमारे २ ते ४ टक्के कॅफीन असते. एका कपासाठी २ ग्रॅम पूड घातली आणि त्यात ३ टक्के कॅफीन धरले, तर हिशेब ६० मिलिग्रॅमपर्यंत जातो. प्रत्यक्षात कपात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम उतरते. गाळून केलेल्या कॉफीच्या मोठ्या कपात ९०-१०० मिलिग्रॅम कॅफीन असू शकते. आपल्या भागात मिळणाऱ्या बऱ्याचशा कॉफीपुडीत चिकोरी मिसळलेली असते आणि चिकोरीत कॅफीन मुळीच नसते, हेही मुलांना जरूर सांगावे.

आता चॉकलेटकडे येऊ. कोकोच्या बियांतील मुख्य उत्तेजक थिओब्रोमीन आहे. ते वोस्क्रेसेन्स्की या रशियन रसायनशास्त्रज्ञाने १८४१ साली शोधले. कॅफीन आणि थिओब्रोमीन या दोघांचाही सांगाडा झँथीनचा, म्हणजे दोन वलये जोडलेल्या प्युरीन कुळातला आहे. पेशीतील अ‍ॅडेनीन आणि ग्वानीन ही याच कुळातली असल्यामुळे दहावीच्या वर्गात हा धागा सहज जोडता येईल. कॅफीनच्या सांगाड्यावर तीन मिथिल गट (एक कार्बन आणि तीन हायड्रोजन यांचे जोडकाम) असतात, तर थिओब्रोमीनवर दोनच. मिथिलचा हा एक गट कमी झाल्याने रेणूची मेदात विरघळण्याची क्षमता घटते आणि तो मेंदूत तितक्या सहज शिरत नाही. मेंदूतील अ‍ॅडेनोसीनच्या ग्राहींवरची, म्हणजे रेणू जिथे बसून पेशीला संदेश देतात त्या जागांवरची, त्याची पकडही पुष्कळ सैल असते.

झोपेचा सारा संबंध या ग्राहींशी आहे. आपण जागे असतो तोवर पेशी ऊर्जा खर्च करतात, त्यातून अ‍ॅडेनोसीन साठत जाते आणि ते ग्राहींवर बसले की पेंग येते. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवावी, तशी कॅफीन ही जागा नुसती अडवते. स्वतः ऊर्जा देत नाही. तोवर अ‍ॅडेनोसीन साठतच राहते, म्हणून कॅफीन ओसरल्यावर थकवा एकदम जाणवतो. रोज चहा घेणाऱ्यांच्या मेंदूत अशा ग्राहींची संख्या वाढते, असे मानले जाते. ज्या उपवासाला चहासुद्धा वर्ज्य असतो, त्या दिवशी पुष्कळांचे डोके दुखते. त्याचे खापर पित्तावर फोडले जाते, परंतु रोज चहा घेणाऱ्याच्या बाबतीत तो कॅफीन तुटल्याचा परिणाम असण्याची शक्यता मोठी असते.

दुधाच्या १०० ग्रॅम चॉकलेटमध्ये सुमारे २०० मिलिग्रॅम थिओब्रोमीन आणि कॅफीन मात्र जेमतेम २० मिलिग्रॅम असते. ७० टक्क्यांहून अधिक कोको असलेल्या गडद चॉकलेटमध्ये हेच आकडे अंदाजे ८०० आणि ८० होतात. ती पूर्ण वडी रात्री खाल्ली तर झोप उडू शकते. पांढऱ्या चॉकलेटमध्ये कोकोचे फक्त लोणी असल्याने दोन्ही पदार्थ नगण्य असतात.

चहा जास्त उकळला की कॅफीन वाढत जाते, हा समज मात्र अर्धवट आहे. आपण वापरतो त्या सीटीसी, म्हणजे यंत्राने चुरून दाणेदार केलेल्या चहाचे कण इतके बारीक असतात, की बहुतेक कॅफीन पहिल्या काही मिनिटांतच आधणात उतरते. त्यानंतर पातेले कितीही वेळ चुलीवर राहिले तरी वाढतो तो मुख्यतः टॅनिनसारख्या पदार्थांचा तुरटपणा.

निपाणीकर औषधविक्रेता

सर, आपल्या आईच्या आणि बहिणीच्या अनुभवातील अंतर बरेचसे यकृतात सापडेल. कॅफीनचे विघटन मुख्यतः सीवायपी-१ए२ या विकराकडून (एन्झाइमकडून) होते आणि त्याचा वेग माणसागणिक वेगळा असतो. निरोगी प्रौढाच्या रक्तातील कॅफीन निम्म्यावर यायला साधारण ५ तास लागतात. गर्भारपणात हा विकर मंदावतो आणि शेवटच्या महिन्यांत हाच काळ १० ते १५ तासांपर्यंत लांबतो. म्हणजे १२ तास धरले, तर चारच्या चहातले सुमारे ७० टक्के कॅफीन रात्री दहा वाजता आपल्या बहिणीच्या शरीरात असेल; एरवी ते ४५ टक्क्यांच्या आत असते. तिची तक्रार अगदी खरी आहे, तिला कुणी मनाचे खेळ म्हणू नये. कॅफीन वारेतून बाळापर्यंत पोहोचते आणि बाळाकडे ते मोडणारा विकर नसतो. गर्भवतींनी दिवसाकाठी २०० मिलिग्रॅमच्या आत राहावे, असा प्रचलित सल्ला आहे. याखेरीज तिला लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या चहाबरोबर घेऊ नयेत, कारण चहातील टॅनिन लोह शोषले जाऊ देत नाहीत. दोहोंत किमान एक-दोन तासांचे अंतर असावे.

आईंना लगेच झोप लागते याचे कारण सवय आणि अनुवंश या दोन्हींत असू शकते. तरीही झोप लागणे आणि गाढ झोप मिळणे यांत फरक आहे. कॅफीन गाढ झोपेचा वाटा कमी करते आणि हे झोपणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपण्याच्या ६ तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन घेतल्यावरही झोप तासाभराहून अधिक घटली होती. ती मात्रा मोठी होती हे मान्य, परंतु रात्रीचा कडक चहा निरुपद्रवी ठरवण्याची घाई करू नये.

आमच्या तंबाखूच्या पट्ट्यातील एक गोष्ट येथे मांडणे मला आवश्यक वाटते. विडी-सिगारेटच्या धुरातील काही संयुगांमुळे हाच विकर जोमाने काम करू लागतो, म्हणून धूम्रपान करणाऱ्यांच्या शरीरातून कॅफीन लवकर बाहेर पडते. हा परिणाम निकोटीनचा नसून धुराचा असल्यामुळे तंबाखू चघळणाऱ्यांत तो आढळत नाही. विडी सोडली की काही दिवसांत विकराचा वेग खाली येतो आणि तेवढ्याच चहाने रक्तातील कॅफीन जवळजवळ दुप्पट होऊ शकते. धडधड, चिडचिड, झोप न येणे ही सारी विडी सोडल्याची लक्षणे समजून माणूस पुन्हा विडीकडे वळतो. विडी सोडणाऱ्याने त्याच आठवड्यात चहाही निम्म्यावर आणावा, असे मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

वडगावची वाचक

माझ्या सासऱ्यांना दम्यासाठी थिओफायलीनच्या गोळ्या चालू आहेत. थिओफायलीन चहातच सापडते, मग कोरा चहा वाढवला तर गोळ्या कमी करता येतील का? त्यांनी नुकतीच विडीही सोडली आहे.

निपाणीकर औषधविक्रेता

ताई, असे मुळीच करू नये. थिओफायलीन १८८८ साली कोसेल यांना चहाच्या पानांतच सापडले हे खरे, परंतु कपात ते इतके अल्प असते की औषधाची मात्रा त्यातून कधीच मिळणार नाही. आपल्या प्रश्नातील विडी सोडल्याचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. थिओफायलीनही बरेचसे याच विकराने मोडले जाते आणि त्याची उपयुक्त मात्रा व घातक मात्रा यांत अंतर फार थोडे असते. विडी सुटल्यावर जुन्याच गोळ्यांनी रक्तातील पातळी धोक्याच्या मर्यादेपलीकडे जाऊ शकते. मळमळ, हात थरथरणे किंवा छातीत धडधड जाणवत असेल तर आजच डॉक्टरांना भेटावे आणि विडी सोडल्याचे त्यांना स्पष्ट सांगावे. सिप्रोफ्लॉक्सासीनसारखे प्रतिजैविक कुणी लिहून दिले तर तेव्हाही ही गोळी चालू असल्याची आठवण करून द्यावी, कारण ते औषध हाच विकर रोखते.

पशुवैद्य-चिकोडी

चॉकलेट देणे आजपासूनच बंद करावे. माणसाचे शरीर थिओब्रोमीन साधारण ७ ते १० तासांत निम्म्यावर आणते. कुत्र्याला त्यासाठी १७-१८ तास लागतात, म्हणून थोड्या थोड्या वेळाने दिलेले तुकडेही शरीरात साठत जातात. थिओब्रोमीन आणि कॅफीन मिळून कुत्र्याच्या दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅमच्या आसपास गेले की उलट्या, जुलाब, तहान आणि अस्वस्थपणा दिसतो. ४० ते ५० मिलिग्रॅमला हृदयाचे ठोके बिघडतात आणि ६० च्या पुढे झटके येऊ शकतात. मुधोळ कुत्र्याचे वजन २२ किलो धरले तर गडद चॉकलेटची १०० ग्रॅमची एकच वडी त्याला ४० मिलिग्रॅमवर नेते. दुधाच्या चॉकलेटची तेवढीच वडी १० च्या घरात राहते, परंतु ६ किलोच्या पॉमेरेनियनसाठी तीच ३५ च्या वर जाते. मुलांना हा भागाकार वर्गातच करायला द्यावा. लाडका प्राणी आणि स्वतः काढलेला आकडा एकत्र आले की मनाईची गरज उरत नाही, असे मला वाटते.

कुत्र्याने चॉकलेट खाल्ल्याचे लक्षात आले तर लक्षणांची वाट पाहू नये. चॉकलेटचे वेष्टन, खाल्लेल्याचा अंदाज आणि कुत्र्याचे वजन ही माहिती घेऊन त्याला तातडीने दवाखान्यात न्यावे. उलटी व्हावी म्हणून मिठाचे पाणी पाजण्याचा प्रघात गावोगावी आहे. तो टाळावा, कारण मिठाचीच विषबाधा होते. पहिल्या एक-दोन तासांत आम्ही औषधाने उलटी करवू शकतो आणि त्यानंतर विष धरून ठेवणारा सक्रिय कोळसा देतो. कोळशाची मात्रा पुन्हा पुन्हा द्यावी लागते, कारण थिओब्रोमीन पित्तावाटे आतड्यात येऊन परत रक्तात शोषले जाते. ते मूत्राशयातूनही परत शोषले जात असल्यामुळे कुत्र्याला पुढील दिवसभर वरचेवर लघवीला बाहेर न्यावे.