क्रूझरला कुठला एक्झॉस्ट शोभेल? फिशटेल, ड्रॅग पाइप की टू-इन्टू-वन

लांबपल्ला
नमस्कार मंडळी. माझ्याकडे 650 ची पॅरलल ट्विन म्हणजे शेजारी-शेजारी दोन सिलेंडरची क्रूझर आहे, 270 डिग्री क्रँकवाली, दोन्ही बाजूंना एकेक लांब सायलेन्सर कंपनीचाच. दोन वर्षं चालवली, गाडीवर जीव आहे, पण आवाज फारच दबलेला वाटतो आणि मागून बघितलं की ते जाड डबे डोळ्यात खुपतात. डोक्यात तीन गोष्टी घोळतायत, एकतर फक्त मागचे डबे काढून फिशटेल (माशाच्या शेपटीसारखं) किंवा स्लॅश कट (तिरकं कापलेलं) टोकाचे स्लिप-ऑन, नाहीतर बॉबरला (कापलेल्या मडगार्डची सुटसुटीत गाडी) असतात तसे आखूड, सरळ, जवळजवळ उघडे ड्रॅग पाइप, नाहीतर इंजिनातून निघणारे दोन्ही बेंड पाइप एका बाजूला आणून एकच सायलेन्सर म्हणजे टू-इन्टू-वन. व्हिडिओ बघून बघून कान किटले आणि दर वेळी वेगळंच आवडतं. लांबच्या राइडला बायको मागे असते, बाजूच्या बॅगा पण असतात. कुणी स्वतः बदललंय का?

जुनाबोल्ट
व्हिडिओवरून ठरवू नका ही पहिली विनंती, मोबाइलचा माइक खालचा घुमारा पकडतच नाही आणि मोठा आवाज आला की स्वतःच दाबून टाकतो.

दुसरं म्हणजे गाडीचा ठेका पाइपमधून येत नाही, क्रँकमधून येतो. हार्लेच्या 45 डिग्री व्ही-ट्विनमध्ये, म्हणजे V आकारात दोन सिलेंडर असलेल्या इंजिनात, दोन्ही पिस्टन एकाच क्रँकपिनवर आहेत, त्यामुळे फायरिंग 315 आणि 405 डिग्रीच्या अंतराने होतं आणि तो लंगडत चालल्यासारखा ठेका तयार होतो. त्या आवाजाचा ट्रेडमार्क मिळावा म्हणून हार्लेने अमेरिकेत 1994 ला अर्ज केला होता, 2000 मध्ये मागे घेतला. तुमच्या 270 क्रँकचं फायरिंग 270 आणि 450 वर, म्हणजे 90 डिग्रीच्या व्ही-ट्विनसारखं. ठेका छानच आहे, पण वेगळा आहे. पाइप कुठलाही लावा, तो हा ठेका मोकळा करेल किंवा दाबेल, बदलणार नाही. हार्लेसारखा आवाज मनात धरून पैसे घालाल तर नाराज व्हाल.

त्यातही एक गंमत आहे, दोन्ही बाजूंना सुटे पाइप असले की बसल्या जागेवरून दोन कानांना दोन आवाज येतात आणि ठेका विखुरतो. टू-इन्टू-वनमध्ये दोन्ही फायरिंग एकाच तोंडातून बाहेर पडतात म्हणून तो नीट जुळून ऐकू येतो. मला तरी तोच आवडतो.

आडवाट
ड्रॅग पाइप मी लावले होते, वर्षभर चालवले आणि काढले, तेव्हा अनुभवाने सांगतो. दिसायला एक नंबर, त्याबद्दल वादच नाही. पण जिथे गाडी रोज चालते त्या मधल्या आरपीएमला पिकअप बसला. लोक म्हणतात बॅकप्रेशर म्हणजे पाइपमधला अडथळ्याचा दाब कमी झाला म्हणून, तसं नाहीये. आखूड उघड्या पाइपच्या तोंडाशी पोचलेली दाबाची लाट उलटी फिरते आणि पाइपमध्ये पुढे-मागे होत राहते, आणि ठराविक आरपीएमला तिचा दाबाचा भाग नेमका व्हॉल्व्ह उघडा असताना पोचला की जळलेला गॅस थोडा पुन्हा आत ढकलला जातो. टू-इन्टू-वनमध्ये ती लाट दुसऱ्या पाइपमध्ये पण विभागली जाते, शिवाय कलेक्टर म्हणजे दोन पाइप जुळतात तो भाग नीट बनवलेला असेल तर एका सिलेंडरचा गॅस जाताना दुसऱ्याला ओढ मिळते. क्रूझर चालवायची मजाच खालच्या आणि मधल्या टॉर्कमध्ये आहे, ती घालवून दिसणं विकत घेणं मला नाही पटलं.

आणि हायवेला एकाच स्पीडला तासभर गेलं की उघड्या पाइपचा जो ड्रोन म्हणजे एकसुरी घुमणारा आवाज डोक्यात बसतो तो उतरल्यावरही जात नाही. डेसिबल साधे सरळ वाढत नाहीत, 10 डेसिबल वाढले की कानाला साधारण दुप्पट वाटतं.

मागची_सीट
मी स्वतः चालवते पण आधी सहा वर्षं मागे बसले आहे त्यामुळे त्या बाजूने लिहिते कारण इथे कुणीच ते बोललं नाही. पाइपचं तोंड कुठे संपतं ते बघा. आखूड पाइप मागच्या फुटपेगच्या आसपास संपला की आवाज आणि धूर दोन्ही मागे बसणाऱ्याला आधी मिळतात. एकाच बाजूला एकावर एक असे दोन पाइप असतात ते शॉटगन तर पोटरीला चटका देतात, हीट शील्ड असली तरी सिग्नलला उतरताना पाय लागतोच. टर्नआउट म्हणजे टोक बाहेर वळलेलं, त्याच्यावर बॅग आली तर बॅगेचं प्लास्टिक मऊ पडतं. वहिनींना एकदा मागे बसवून पाय कुठे येतो ते मापून घ्या, मगच पाइप ठरवा.

काळाक्रोम
टॉर्कचं सगळं खरं पण क्रूझर माणूस बघायला पण घेतो ना. तुमची गाडी लांब आणि बुटकी आहे, टाकीपासून मागच्या मडगार्डपर्यंत एक उतरती रेघ आहे, तिच्याखाली जमिनीला समांतर लांब पाइप असला की नजर सरळ मागपर्यंत जाते. आखूड पाइप लावले की मागचं चाक उघडं पडतं, ते कापलेल्या मडगार्डच्या सिंगल सीट बॉबरला शोभतं, बॅगा लावलेल्या गाडीला नाही. माझं मत फिशटेल नको, क्रोम भरपूर असेल, स्पोक व्हील असतील तरच ते खुलतं. तुम्हाला साधा स्लॅश कट, कडा खाली झुकलेली. आणि क्रोमचा बेंड पाइप सिंगल वॉल असेल तर तापून निळा पडतो, डबल वॉल घ्या किंवा काळं सिरॅमिक कोटिंग. कापडी रॅप गुंडाळू नका, आत ओल धरून पाइप गंजतो.

लांबपल्ला
सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः मागची_सीट ताईंचे, ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काल बायकोला बसवून मापलं, तिची टाच स्टॉक म्हणजे कंपनीच्या डब्याच्या तोंडाच्या बरीच पुढे येते, आखूड पाइप तिच्या पायाशीच संपेल. ड्रॅग पाइप बाद. टू-इन्टू-वनला पूर्ण बेंड पाइप बदलावा लागेल, कॅटलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग, कॅट) आणि ऑक्सिजन सेन्सरचं पण बघावं लागेल, म्हणून सध्या स्लॅश कट स्लिप-ऑन, लांबच, आतली आवाज दाबणारी जाळी न काढता. रीमॅप म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं पेट्रोलचं सेटिंग बदलणं लागेल का?

जुनाबोल्ट
जाळी ठेवताय हे उत्तम. कॅट जागेवर आणि एअर फिल्टर स्टॉक असेल तर स्लिप-ऑनला बहुतेक वेळा लागत नाही. घेताना डब्यावर गोलात ई आणि आकडा असा ठसा आहे का ते बघा, म्हणजे मंजुरी घेतलेला पाइप. बसवल्यावर थ्रॉटल सोडताना फटफट वाढली तर लगेच रीमॅपकडे धावू नका, आधी जोडावर हवा गळतेय का ते बघा, इंजिन थंड असतानाच स्टार्ट करून जोडाजवळ हात धरला की फुसफुस कळते. जोडाचं गॅस्केट जुनं वापरू नका. सगळे बोल्ट आधी सैल लावून पाइप सरळ बसू द्या, मग पुढून मागे कसत या, नाहीतर ताण राहून ब्रॅकेट तडकतो. चालू करायच्या आधी बोटांचे ठसे पुसा, तेलकट ठसा तापला की क्रोमवर कायमचा बसतो.