आजीचं खरं वय कसं काढायचं? आधारवर १/१/१९४८ आहे, पण तिला रझाकार आठवतात

माळवदावरची
नमस्कार मंडळी. माझी आजी लोहारा तालुक्यात (धाराशिव) असते. आधारवर तिची जन्मतारीख १/१/१९४८ आहे, कार्ड काढणाऱ्या पोरानं अंदाजानं टाकलेली. पण आजीला रझाकाराचा (निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांचा) टाइम स्पष्ट आठवतो. तिचं माहेर धाराशिवजवळ. पोलीस अॅक्शनच्या (सप्टेंबर १९४८) आधीच्या उन्हाळ्यात तिची आई दोन लेकरं घेऊन रातोरात बैलगाडीनं बार्शीकडं निघाली, कारण बार्शी निजामाच्या हद्दीबाहेर होती, आणि गाडीत धाकट्या भावाचा आवाज होऊ नये म्हणून त्याला मांडीवर घेऊन थोपटत बसायचं काम आजीचं होतं. जानेवारीत जन्मलेली पोर तेव्हा चार-पाच महिन्यांची असती, ती भावाला कशी सांभाळेल? त्यात थोरल्या काकांच्या दाखल्यावर १ जून १९५९ आहे, म्हणजे आजीला अकराव्या वर्षी मूल झालं म्हणायचं का?

दुसरं, मला तिचं सगळं लिहून ठेवायचंय. साठ वर्षं खुरपलंय तिनं, उजव्या तळहाताला खुरप्याच्या मुठीचा घट्टा पडलाय तो अजून तसाच आहे. पण मोबाइल समोर ठेवून "आजी तुझ्याबद्दल सांग" म्हटलं की "माझं काय सांगू बाई, राबले न् खाल्लं" म्हणते आणि उठून जाते. कुणी असं केलंय का? कसं केलं?

निवृत्त_गुरुजी
ताई, आधी त्या १ जूनचा नाद सोडा. मी ३२ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली. पोरगं नाव घालायला आणलं की जन्मतारीख आईबापाला माहीत नसायची, मग डोक्यावरून हात नेऊन पलीकडच्या कानाला लागतो का ते बघायचं आणि हिशोब बसेल अशी १ जून टाकायची. वर्षसुद्धा एखाद-दुसरं इकडंतिकडं असतं. मतदार यादीतलं वयही तसंच, सांगितलं ते लिहिलं.

वय काढायचं तर प्रसंग धरा आणि प्रत्येक प्रसंगाला विचारा, तेव्हा तुमच्या कडेवर कोण होतं. कडेवरचं लेकरू बाई विसरत नाही. १९७२ च्या दुष्काळात आजी खडी फोडायला गेल्याच असतील, तेव्हा झोळीत कोण होतं ते विचारा. दुष्काळी कामावर मिळायची ती सुकडी कोण खायचं, मिलोची (बाहेरून आलेल्या लाल ज्वारीची) भाकरी कुणाला गिळत नव्हती, हे विचारा. मग किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या दिवशी गणपती बुडवलेले. तेव्हा घरात सुना किती, नातवंडं किती. हे एकाखाली एक मांडलं की लेकरांचा क्रम लागतो आणि तिथून मागं मोजत जाता येतं.

बिंदगं_आंबील
गुरुजींचं बरोबर आहे पण मी दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलते. "तुझ्याबद्दल सांग" असं विचारूच नकोस गं. त्या बायांनी स्वतःबद्दल कधी बोललेलंच नसतं, कामाबद्दल बोलतात. माझी आजी निलंग्याकडची, तिला मी सहा महिने जात्यावरच्या ओव्या म्हण म्हणून मागं लागले, एक आठवंना. मग माळ्यावरचं जातं खाली काढलं, खुंटा ठोकून दिला, पसाभर ज्वारी घातली आणि तिच्या हातात खुंटा आल्याबरोबर ओवी बाहेर पडली, एकीला लागून दुसरी, नणंदेची, भावाची, मेलेल्या लेकीची. त्या लेकीबद्दल घरात कुणालाच माहीत नव्हतं, माझ्या आईलाही नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखावर ओव्या जमवल्या, त्या पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर ऐकायला मिळतात, एकदा नक्की ऐक.

तुझ्या आजीला येळवशीला (वेळ अमावस्येला) शेतात ने. कोपीत बसव, आंबील दे, आणि तू गप्प बस. आणि लवकर कर. माझी आजी त्यानंतर सातव्या महिन्यात गेली, माझ्याकडं तिचं फक्त चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे.

सातबारा_वाचक
खासरा पाहणी १९५४-५५ ची नक्कल तहसीलमधून काढा. त्यात आजी नसणार, आजेसासरे नाहीतर सासरे असतील, पण जमीन किती होती, काय पेरायचे ते कळेल. आजीचं नाव बहुतेक आजोबा गेल्यावर वारसाच्या फेरफारात पहिल्यांदा लागलं असेल. जन्मभर ज्या रानात राबली तिथं नाव कोणत्या वर्षी आलं, हे मला तरी वयाएवढंच महत्त्वाचं वाटतं. तो फेरफार जरूर बघा.

माळवदावरची
सगळ्यांचे मनापासून आभार. येळवशीपर्यंत थांबले नाही, रविवारी गावी जाऊन आले. आजीसोबत तुरीच्या शेंगा तोडत बसले, मोबाइल ओच्यात ठेवला. ७२ ला झोळीत धाकटी आत्या होती, ती रांगत नव्हती अजून. फेरफार पण मिळाला, आजीचं नाव २००३ ला लागलंय, आजोबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी.

आणि वयाचं कोडं सुटलं. मी फक्त विचारलं की बार्शीत खायला काय मिळायचं. म्हणाली, "फुटाणे. पन मला चावंनात, माझे म्होरचे दात पडलेले. आई पान्यात भिजू घालून द्यायची." पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, म्हणजे जन्म १९४१ च्या आसपासचा. आधारापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी आहे माझी आजी.

तिला सांगितलं तर शेंगा तोडायची थांबली. तिची आई बार्शीहून परत आल्यावर दोन वर्षांत बाळंतपणात गेली. बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत बसली आणि मग म्हणाली, "मंजी आता मी माझ्या आईच्या आजीएवढी झाले की गं."