मदत हवी आहे: ध्येय, उद्दिष्टे आणि हितधारकांचा प्राधान्यक्रम (तातडीचे)

घाईत_आहे:
सोमवारी विश्वस्तांची बैठक. एका पानावर संस्थेचं ध्येय, उद्दिष्टं आणि हितधारकांचा (म्हणजे ज्यांचा संस्थेशी संबंध येतो त्यांचा) प्राधान्यक्रम द्यायचाय. ध्येय तीनदा लिहिलं, तीनदा परत आलं. हितधारकांच्या तक्त्यात १४ नावं, त्यातल्या ११ पुढे 'अतिमहत्त्वाचे'. अध्यक्ष म्हणतात, कुणालाही खाली आणू नका. तयार नमुना असेल तर टाका. व्याख्या नकोत, त्या गुगलवर आहेत.

आडवाट:
संस्था करते काय?

घाईत_आहे:
धर्मादाय न्यास आहे. तक्ता सगळीकडे सारखाच असतो ना?

कलमबहाद्दर:
आयएसओ ९००१ (गुणवत्ता व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक), २०१५ ची आवृत्ती, कलम ४.२. आधी संबंधित पक्ष, म्हणजे तुमचे हितधारक, ठरवा, मग त्यांच्या कुठल्या अपेक्षा आपल्याला लागू होतात ते. सगळ्यांच्या सगळ्या नव्हेत! मग ५.२ धोरण, ६.२ मोजता येणारी उद्दिष्टं. आमच्याकडे याच क्रमाने केलं, काम फत्ते.

तिरकस:
आमच्याकडेही केलं होतं. फ्रेम करून जिन्यात लावलंय.

जुना_हिशेबनीस:
हितधारक वगैरे थोतांड. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमननी १९७० मध्येच लेखात लिहून ठेवलंय, व्यवस्थापकाची जबाबदारी मालकांशी. नियम पाळा, नफा वाढवा.

आडवाट:
काका, न्यास आहे हा. आणि त्याच लेखात रुग्णालय किंवा शाळा चालवणाऱ्या संस्थेत व्यवस्थापकाचं उद्दिष्ट नफा नसून सेवा असेल, असंही आहे. तेवढं वाचायचं राहिलं वाटतं.

पानसेटर:
एका पानावर बसत नसेल तर लँडस्केप करा, समास कमी करा.

मधली_सुट्टी:
हितधारकांचा क्रम लावायला मिचेल, एगल आणि वुड या व्यवस्थापन अभ्यासकांची १९९७ ची चाळणी लावा. प्रत्येक नावाला तीन प्रश्न: आपल्यावर दबाव आणायची ताकद आहे का? मागणी रास्त आहे का? निकड आत्ताची आहे का? तिन्ही 'हो' असतील तोच वर. नावं टाका ना इथे.

घाईत_आहे:
मोठे देणगीदार, छोटे देणगीदार, विश्वस्त, कर्मचारी, स्वयंसेवक, डॉक्टर, पुरवठादार, लेखापरीक्षक... पुढची किरकोळ आहेत. आम्ही व्हीलचेअर, वॉकर, पलंग वापरायला देतो. खरं भांडण वेगळंच आहे. मोठ्या देणगीदारांना वर्षात किती वस्तू दिल्या तो आकडा हवा. कोठी सांभाळणाऱ्या ताई म्हणतात, परत आलेल्या खुर्च्यांचं आधी बघा. एकीचा ब्रेक लागत नाही, एकीची पायपट्टी तुटलीय, आणि रजिस्टरात दोन्ही 'उपलब्ध'.

आडवाट:
यादी दोनदा वाचली. किरकोळांत तरी आहे का? रुग्ण?

घाईत_आहे:
नाही, तो गृहीतच आहे हो! त्याच्यासाठीच तर सगळं चाललंय.

आडवाट:
गृहीत आहे म्हणूनच बिनब्रेकची खुर्ची 'उपलब्ध' आहे. वरच्या चाळणीतून काढा त्याला: मागणी रास्त, निकड आजची, ताकद शून्य. अशांना मिचेल वगैरे तिघे 'परावलंबी' म्हणतात. ताकद असलेल्या कुणीतरी बाजू घेतली तरच त्यांचं काम होतं. तुमच्याकडे ती विश्वस्तांनी घ्यायची. ध्येयवाक्य काय आहे?

घाईत_आहे:
'गरजू रुग्णांसाठी साहित्याचे मोफत वितरण'.

आडवाट:
मग देणगीदारांचं काय चुकलं? वितरण लिहिलंत, ते वितरण मोजतायत. 'रुग्णाला सुरक्षितपणे हिंडता-फिरता यावं' असं लिहून बघा. मग तपासून, दुरुस्त करून बाहेर गेलेल्या खुर्च्या मोजाव्या लागतील.

कलमबहाद्दर:
+१. आणि उद्दिष्टापुढे माणसाचं नाव घाला. उद्दिष्टं कशी लिहावीत याचं 'स्मार्ट' हे इंग्रजी आद्याक्षरांचं सूत्र आहे; डोरनच्या १९८१ च्या मूळ सूत्रात 'ए' म्हणजे काम कुणावर सोपवलं ते. 'साध्य होण्याजोगं' हा अर्थ मागाहून आला.

जुना_हिशेबनीस:
दुरुस्तीचा खर्च कुठल्या खात्यात टाकणार?

घाईत_आहे:
अध्यक्षांना फोन केला. वाक्य आवडलं. रुग्णाला घाला म्हणाले, पण कुणाला काढू नका. म्हणजे आता १५ नावं, १२ अतिमहत्त्वाचे. ते लँडस्केपचं कुणी सांगितलं होतं, कुठून करायचं?