नवख्याचा पोर्टफोलिओ: काल्पनिक कॅम्पेन चालेल की खरे पैसे घालायलाच हवेत?

आकडेमोड (धागाकर्ता)
पेड अ‍ॅड्समध्ये (गूगल, फेसबुकवर पैसे देऊन जाहिराती चालवण्याच्या कामात) येऊ पाहणाऱ्याला सगळीकडे एकच सल्ला मिळतो: एखादा मोठा ब्रँड घे, त्याची काल्पनिक कॅम्पेन बनव, पीडीएफ कर, झाला नोकरीसाठी दाखवायचा पोर्टफोलिओ. मला हे अजिबात पटत नाही. गूगलच्या रिस्पॉन्सिव्ह सर्च अ‍ॅडमध्ये (शोधाच्या निकालांत दिसणाऱ्या मजकुराच्या जाहिरातीत) १५ पर्यंत हेडलाइन्स, प्रत्येकीला ३० अक्षरांची मर्यादा, हे कुणीही एका बैठकीत शिकतं. खरं काम जाहिरात चालू झाल्यावर सुरू होतं.

समजा, ऑनलाइन गिटार क्लासची जाहिरात लावली. दोन-चार दिवसांनी सर्च टर्म्स रिपोर्ट (लोकांनी नेमकं काय शोधल्यावर जाहिरात दिसली त्याची यादी) उघडा. 'गिटार दुरुस्ती', 'गिटार शिक्षक नोकरी', 'गिटार क्लास फुकट' अशा शोधांवर पैसे गेलेले दिसतात. पहिले दोन निगेटिव्ह कीवर्डमध्ये (ज्या शोधांवर जाहिरात दिसू नये त्या यादीत) टाकायचे, हे उघड आहे. तिसऱ्याचं काय? क्लासचा पहिला तास मोफत असेल तर हाच माणूस पुढे फी भरू शकतो. काल्पनिक कॅम्पेनमध्ये हा प्रश्न समोर येतच नाही. म्हणून थोडे का होईना, खरे पैसे घाला आणि काय बदललं, का बदललं ते लिहून ठेवा.

निळी_शाई
पूर्ण असहमत. ज्याच्याकडे घालायला पैसेच नाहीत त्याने या क्षेत्रात यायचंच नाही का? शिवाय थोड्या पैशांत हाती काय लागतं? मेटावर (फेसबुक, इन्स्टाग्राम) अ‍ॅड सेट, म्हणजे जाहिरातींचा गट, लर्निंग फेजमधून (जाहिरात कुणाला दाखवायची हे सिस्टिम शिकते त्या टप्प्यातून) बाहेर यायला आठवड्यात साधारण ५० कन्व्हर्जन (खरेदी, फॉर्म भरणं अशा हव्या त्या कृती) लागतात. तुमच्या बजेटात दोन-तीन येतील. त्यावरून 'हे क्रिएटिव्ह (जाहिरातीचं चित्र-मजकूर) चाललं, ते पडलं' म्हणणं म्हणजे निव्वळ अंदाज. त्यापेक्षा अ‍ॅड लायब्ररीत स्पर्धकांच्या चालू जाहिराती बघा, गूगलच्या कीवर्ड प्लॅनरवरून (शोधांचा आणि खर्चाचा अंदाज देणारं साधन) बजेटचा हिशोब मांडा, लँडिंग पेज (जाहिरातीवर क्लिक केल्यावर उघडणारं पान) कुठे कमी पडतंय ते दाखवा. वर ठळक अक्षरांत 'काल्पनिक' लिहा. यात विचार दिसतो, आणि तोच तर बघायचा असतो.

आकडेमोड
५० चा मुद्दा मान्य. पण मी निकाल मागतच नाही. ट्रॅकिंग (कन्व्हर्जन मोजण्याची सोय) स्वतः बसवलंय का, एवढंच बघा. फॉर्म भरल्यावर येणारं आभाराचं पान कुणी रिफ्रेश केलं आणि मोजणी 'प्रत्येक वेळी' वर ठेवलेली असेल, तर एका क्लिकमागे एकाच माणसाच्या दोन लीड्स (चौकशा) दिसू शकतात. लीडसाठी ती 'एकदाच' वर हवी. हे पीडीएफ बनवून कळत नाही.

उंबरठा
मधला मार्ग आहे की! गूगल अ‍ॅड ग्रँट्समध्ये पात्र सामाजिक संस्थांना सर्च जाहिरातींसाठी महिन्याला १०,००० डॉलरपर्यंत मोफत क्रेडिट मिळतं. अनेक संस्थांकडे ते सांभाळायला माणूस नसतो. खातं खरं, शोध खरे, आणि खिशातून काही जात नाही. आकडे पोर्टफोलिओत वापरायची परवानगी मात्र सुरुवातीलाच लेखी घ्या.

निळी_शाई
म्हणजे फुकट राबायचं! आणि ५ टक्के सीटीआर (जाहिरात जितक्यांदा दिसली त्यातल्या क्लिकचं प्रमाण) दर महिन्याला राखायची अट का सांगितली नाहीत? सलग दोन महिने हुकली तर खातं तात्पुरतं बंद होऊ शकतं. नवख्याच्या शिकण्याची किंमत संस्थेने का मोजायची? हाताशी अनुभवी माणूस नसेल तर मी कुणालाही हे सुचवणार नाही.

कागदकाम
मी टीमसाठी माणसं निवडते, म्हणून लिहिते. 'कन्व्हर्जन ३०० टक्क्यांनी वाढली' अशी ओळ दिसली की मी मूळ आकडा विचारते. एकाची चार झाली तरी ३०० टक्केच. तीच गोष्ट भरघोस रोआसची (जाहिरातीवरच्या खर्चाच्या किती पट विक्री झाली तो आकडा). खोदून विचारलं की कळतं, बहुतेक विक्री ब्रँडचं नाव टाकून शोधणाऱ्यांकडून आली होती, आणि त्यातले बरेच जाहिरातीशिवायही आले असते. स्किलशॉपचं (गूगलचं ऑनलाइन प्रशिक्षण) सर्टिफिकेट एका ओळीत पुरे, तेही वर्षभरच चालतं.

काल्पनिक कॅम्पेनवाल्यांनाही मी बोलावते. 'उद्या कन्व्हर्जनचा खर्च दुप्पट झाला तर आधी काय बघशील?' असं विचारते. 'बजेट कमी करेन' म्हणणारे बरेच. 'आधी ट्रॅकिंग तुटलंय का ते बघेन, मग चेंज हिस्टरी (खात्यात काय-काय बदललं त्याची नोंद)' म्हणणारी व्यक्ती मला हवी असते.

निळी_शाई
मग नोकरीच्या जाहिरातीतही तसंच लिहा ना! तिथे 'लाइव्ह अकाउंट हाताळल्याचा अनुभव आवश्यक' असतं आणि ते वाचून अशी मुलं अर्जच करत नाहीत.

कागदकाम
हे मान्य. पुढच्या जाहिरातीतून ती अट काढायला सांगते आणि हा प्रश्नच अर्जात टाकते.